दुसरं झुंबर



आज मी तुमच्यासमोर एक विनोदी दृश्य घेऊन आले आहे. दृश्य जेमतेम काही मिनिटांचं. पण त्याच्यामागे एक खरी गोष्ट आहे, आणि ती खरी गोष्ट हसण्यासारखी होती का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतोय. तो आज तुमच्यासमोर मांडते.

आधी दृश्य डोळ्यांसमोर आणा. इंग्लंडमधला एक भलामोठा, जुना, खानदानी वाडा. उंच छताचं दालन. छताला काचेची दोन झुंबरं टांगलेली. त्यातल्या एका झुंबराखाली दोन शिड्या. एका शिडीवर बुटकासा, गोल टोपी घातलेला, आत्मविश्वासाने भरलेला एक माणूस. दुसरीवर उंच, किडकिडीत, घाबरलेला एक पोरगा. दोघांनी मिळून झुंबराखाली एक जाड कापड ताणून धरलंय. झुंबर खाली येईल ते या कापडात झेलायचं, असा बेत आहे. वरच्या मजल्यावर त्यांचा म्हातारा आजोबा. त्याने फळी उचकटलीय आणि झुंबर ज्या बोल्टवर टांगलंय त्याचं नट तो सोडवतोय. खालून हे दोघं ओरडून विचारताहेत, वरून आजोबा उत्तर देतोय. आता शेवटचा आटा. दोघं अंग आवळून तयार. श्वास रोखलेला.

आणि झुंबर पडतं. त्यांच्या पाठीमागचं. दुसरं.

काचेचा चक्काचूर. यांच्या कापडात काहीच नाही. यांच्या डोक्यावरचं झुंबर जागच्या जागी, थोडंसं हलतंय. दोघांच्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि वरून आजोबा खाली येतो, काम फत्ते झाल्याच्या समाधानात.

२ डिसेंबर १९८२ रोजी हे दृश्य बीबीसीवर दाखवलं गेलं. मालिकेचं नाव 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'. हा दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग, नाव 'अ टच ऑफ ग्लास'. इंग्रजीत घरंदाज झाक असली की 'टच ऑफ क्लास' म्हणतात. त्या 'क्लास'च्या जागी 'ग्लास', म्हणजे काच. नावातच सगळं सांगून टाकलंय, आणि तरी काच फुटेपर्यंत आपल्याला कळत नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. मालिका सुरू झाली सप्टेंबर १९८१ मध्ये, आणि तिचा शेवटचा भाग आला २००३ च्या नाताळात. मधे बरीच वर्षं ती फक्त नाताळच्या विशेष भागांपुरती उरली होती, पण लोकांनी तिला सोडलं नाही. गोष्ट दक्षिण लंडनमधल्या पेकम या वस्तीतली. नेल्सन मंडेला हाउस नावाच्या उंच सरकारी इमारतीत ट्रॉटर कुटुंब राहतं. थोरला भाऊ डेल, धाकटा रॉडनी आणि आजोबा. आई वारलेली, बाप सोडून गेलेला. धाकट्याला डेलनेच वाढवलंय. घरात एक बाई नाही, आणि जेवायला बसतात तेव्हा ते जाणवतं.

डेल व्यापारी आहे. म्हणजे स्वतःला तसं म्हणवतो. सूटकेस उघडून रस्त्यावर माल विकायचा, पोलीस दिसला की सूटकेस मिटून पळायचं. माल कुठून आला हे विचारायचं नाही. पिवळी, तीन चाकांची, खडखडती रिलायंट गाडी. तिच्या अंगावर कंपनीचं नाव रंगवलंय आणि खाली शहरांची नावं : न्यूयॉर्क, पॅरिस, पेकम. डेल फ्रेंच शब्द फेकतो, ते हमखास चुकीचे. आणि पुढच्या वर्षी आपण लखपती होणार, हे तो दरवर्षी सांगतो.

मालिकेच्या नावाचा अर्थ असा की, काम करायचं ते मूर्खांनी आणि घोड्यांनी. आपण घोड्याऐवजी गाढव म्हणतो, गाढवासारखं राबणं म्हणतो. भाव तोच. शहाणा माणूस राबत नाही, डोकं चालवतो. डेलला वाटतं तो शहाण्यांतला आहे. प्रत्यक्षात तो सगळ्यात जास्त राबतो.

आता काळ बघा. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा ३० लाखांच्या वर गेला होता. मार्गारेट थॅचर पंतप्रधान. कारखाने बंद पडताहेत. अशा वेळी टीव्हीवर एक घर आलं, ज्यात कोणालाच धड नोकरी नाही, भत्त्यासाठी अर्जही नाही, कर भरण्याचा तर प्रश्नच नाही. डेल हा त्या काळाचा माणूस आहे. सरकारकडून काही घ्यायचं नाही आणि सरकारला काही द्यायचंही नाही, हे त्याचं तत्त्व.

हे सगळं लिहिलं जॉन सलिव्हन या लेखकाने. आणि त्याची ओळख आजच्या विषयासाठी महत्त्वाची आहे. जन्म १९४६चा. तोही दक्षिण लंडनचा, बॅलम भागातला. वडील प्लंबर. शाळा पंधराव्या वर्षी सुटली, हातात एकही प्रमाणपत्र नाही. शाळेत एक इंग्रजीचे शिक्षक डिकन्स मोठ्याने वाचून दाखवायचे, तेवढं मात्र मनात राहिलं. मग पडेल ती कामं केली. शेवटी बीबीसीत नोकरी मिळवली, पण लेखकाची नाही. सेटवरचं सामान हलवायची. मुद्दाम तिथे शिरला, की कधीतरी कोणालातरी आपलं लिखाण दाखवता येईल. एका निर्मात्याला गाठलं, आणि १९७७ साली त्याची पहिली मालिका 'सिटिझन स्मिथ' आली. 'ओन्ली फूल्स' ही त्यानंतरची. हिचं शीर्षकगीतही त्यानेच लिहिलं आणि गायलं.

पहिल्या पर्वाला प्रेक्षक बेताचेच मिळाले. त्या काळात बीबीसीने धीर धरला आणि दुसरं पर्व करू दिलं. त्या दुसऱ्या पर्वाचा समारोप या झुंबराने झाला. आज ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या सर्वांत गाजलेल्या विनोदी दृश्यांची नावं घ्यायला सांगा, झुंबर पहिल्या दोन-तीनांत येतंच.

आता या भागाची गोष्ट. डेल, रॉडनी आणि आजोबा एका लिलावाहून परत येताहेत. डेलने चिनीमातीची मांजरं घेतलीत. किल्ली दिली की ती गाणं वाजवतात. गाणं कसलं? कुत्र्याचं. मांजर कुत्र्याचं गाणं गातं, हा डेलचा माल. तो खपणार कसा, ही चिंता रॉडनीला. डेलला चिंता नाहीच.

वाटेत एका उमरावाच्या बायकोची गाडी बंद पडलेली दिसते. लेडी रिजमियर. डेल तिची गाडी ओढून तिच्या वाड्यापर्यंत नेतो. वाडा पाहिल्यावर डेलचे डोळे दिपतात आणि तो तिथून निघायचं नाव घेत नाही. बाईसाहेब सभ्य, त्या काय बोलणार. मांजरं विकायचा प्रयत्न तिथेही होतो. लॉर्ड रिजमियर घरी येतात. आपल्या दिवाणखान्यात ही मंडळी बसलेली पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते डेल सोडून सगळ्यांना दिसतं. रॉडनीला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होतं.

तेवढ्यात डेलच्या कानावर पडतं, की वाड्यातली झुंबरं साफ करायची आहेत आणि ज्या कंपनीला विचारलं ती भरमसाट पैसे मागतेय. झालं. डेल उभा राहतो. झुंबरं? आमचा तर तोच धंदा. कंपनीपेक्षा कितीतरी स्वस्तात करून देतो. उमराव घासाघीस करणारे नाहीत, पण पैसा वाचत असेल तर त्यांनाही हवाच असतो. काम ट्रॉटरांना मिळतं.

हे नीट लक्षात घ्या. डेलची लबाडी आहेच. पण उमरावाची काटकसरही आहे. कसबी कारागिराला त्याचा दाम द्यायचा नाही, आणि दारात आलेल्या स्वस्त माणसाच्या हातात पिढीजात काच द्यायची. ज्याने घरात झुंबरं टांगली, त्याने ती उतरवणाऱ्याला विचारलंसुद्धा नाही, की बाबा रे, याआधी हे काम केलंयस कुठे?

मग तो दिवस येतो. मालक घरात नाहीत, घरचा वयस्क बटलर तेवढा आहे. आणि ते दृश्य घडतं, जे मी सुरुवातीला सांगितलं.

हे दृश्य हसवतं कसं, ते जरा उलगडून बघू. पहिली गोष्ट म्हणजे, झुंबर उतरवायची यांची रीत. ते छताच्या तुळईतून आलेल्या बोल्टवर टांगलेलं. म्हणजे एक माणूस वर हवा, बाकीचे खाली. वरच्याला खालचं दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त लाकडाची फळी आणि एक नट. खालच्यांना वरचा दिसत नाही. दोघांमध्ये फक्त आवाजाचा धागा. सगळी गंमत त्या धाग्यात आहे. सगळे एकमेकांशी बोलताहेत, सगळे एकमेकांना बरोबर उत्तरं देताहेत, एकही खोटं बोलत नाही. आणि तरी चूक होते.

दुसरी गोष्ट, आपल्याला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपण त्या कापडाकडे बघत असतो. कापड फाटेल का? शिडी घसरेल का? ही दोघं झुंबराच्या वजनाने खाली येतील का? लेखकाने आपली नजर तिथे बांधून ठेवलीय. दुसरं झुंबर समोर असूनही आपण त्याचा विचार करत नाही. आणि प्रेक्षक म्हणून आपणही डेल-रॉडनीइतकेच फसतो. आपण त्यांच्यापेक्षा शहाणे आहोत अशा थाटात हसत नाही, त्यांच्याबरोबर फसून हसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे पडल्यानंतरची शांतता. तिथे विनोदी वाक्य नाही. डेव्हिड जेसन आणि निकोलस लिंडहर्स्ट हे दोघे नट फक्त उभे राहतात. त्यांना माहीत होतं की हे एकदाच होणार आहे. पडणारं झुंबर खास या दृश्यासाठी बनवून घेतलं होतं, सुमारे ६,००० पाउंड खर्चून. त्या काळी विनोदी मालिकेसाठी ही मोठी रक्कम. दुसरं झुंबर नाही, म्हणजे दुसरा टेक नाही. कोणी हसला तर सगळं पाण्यात. दिग्दर्शक रे बट यांनी लिंडहर्स्टला दम भरला होता, की हसलास तर कामावरून काढीन. तेव्हा तो विशी-एकविशीचा पोरगा. रॉडनीच्या चेहऱ्यावर जी भीती दिसते, ती सगळीच अभिनयाची नाही.

'कामावरून काढीन.' हा शब्दप्रयोग लक्षात ठेवा. कारण आता खरी गोष्ट येते.

हे झुंबर सलिव्हनने कल्पनेतून पाडलेलं नाही. ते त्याच्या वडिलांनी त्याला सांगितलेलं आहे. वडील प्लंबर होते हे मी सांगितलं. ते तरुणपणी एका मोठ्या वाड्यात गरम पाण्याचे नळ आणि हीटिंग बसवायच्या कामावर होते. कामासाठी झुंबर हलवायचं होतं. माणसं खाली कापड धरून उभी राहिली, वरच्याने बोल्ट सोडवला, आणि मागचं झुंबर पडलं. अगदी तसंच.

मुलगा ऐकता ऐकता हसत सुटला. आणि वडील चिडले. सलिव्हनने ही आठवण पुढे मुलाखतींत सांगितली आहे. वडिलांचं म्हणणं असं, की यात हसण्यासारखं काय आहे? माणसांच्या नोकऱ्या गेल्या त्यात.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं हसू तोंडातच राहिलं. आणि कारण सांगायचं तर मला माझ्या घरी यावं लागेल.

मी बडोद्यात वाढले. माझे बाबा वायरमन. पंखे, मीटर, लग्नाची रोषणाई, जे मिळेल ते काम. आमच्या घरात एक गोष्ट होती, जी पाहुणे आले की हमखास निघायची. एका मंगल कार्यालयात बाबांचं काम चाललं होतं. समोर लग्न लागत होतं आणि मागच्या पडवीतलं वायरिंग दुरुस्त करायचं होतं. बाबा पडवीत शिडीवर. त्यांचा मदतनीस पोरगा आत बोर्डापाशी. बाबा ओरडले, डावीकडचा फ्यूज काढ. त्याने काढला. आणि इकडे मंगलाष्टकं चालू असताना अख्ख्या मांडवात काळोख! त्या काळोखात कोणीतरी घाबरून "सावधान!" म्हणून ओरडलं. लोकांना वाटलं, झालं, लागलं लग्न. सगळ्यांनी अक्षता टाकून दिल्या. भटजी अंधारात ओरडताहेत, अहो थांबा, अजून दोन अष्टकं बाकी आहेत!

तुम्ही हसलात ना? सगळेच हसतात. ही गोष्ट मी कॉलेजात सांगितली, सासरी सांगितली, नोकरीच्या ठिकाणी सांगितली. चेन्नईत, भोपाळमध्ये, जिथे जिथे चार मराठी माणसं जमली तिथे सांगितली. ती माझी हुकमी गोष्ट होती. अंधारातला भटजी मी फार छान करते.

पण सलिव्हनच्या वडिलांबद्दल वाचल्यावर मला आठवलं, की आमच्या घरी ही गोष्ट निघाली की बाबा उठून पाणी प्यायला जायचे. दर वेळी. लहानपणी मला वाटायचं, त्यांना कंटाळा आला असेल ऐकून ऐकून.

मी बाबांना फोन केला. म्हटलं, बाबा, त्या लग्नाचं पुढे काय झालं होतं? ते म्हणाले, पुढे काय व्हायचंय, लागलं लग्न. म्हटलं, तसं नाही, तुमचं काय झालं? थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, माझे तीन दिवसांचे पैसे कापले. ते गेले तर गेले. पण त्या पोराला ठेकेदाराने त्याच रात्री काढून टाकला. आणि गं, चूक त्याची नव्हती. मी डावीकडचा म्हटलं ते माझ्या डावीकडचा. तो बोर्डाकडे तोंड करून उभा होता, त्याची डावी बाजू वेगळी. त्याने ऐकलं तेच केलं. मी त्या वेळी बोललो नाही. बोललो असतो तर माझंही काम गेलं असतं, आणि घरात तुम्ही तिघं होतात.

तिघं म्हणजे आम्ही भावंडं. म्हणजे ती गोष्ट आमच्यावरही येऊन पोचत होती, आणि आम्ही तिच्यावर हसत होतो.

आता पुन्हा त्या वाड्याकडे जाऊ. मला दोन प्रश्न पडले. एक, सलिव्हनने वडिलांना आवडलं नसताना ती गोष्ट वापरली, हे बरोबर केलं का? दुसरा, वापरताना त्याने तिचं काय केलं?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्यातच पहिल्याचं थोडं उत्तर आहे.

खऱ्या घटनेत ते मजूर होते. कोणाच्या तरी हाताखालचे, रोजावरचे. चूक झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना काम नव्हतं. वाड्याच्या मालकाचं झुंबर गेलं, पण पोट गेलं ते यांचं. सलिव्हनच्या गोष्टीत मात्र ट्रॉटर कोणाचेच नोकर नाहीत. त्यांना काढून टाकणारा कोणी नाहीच. आणि झुंबर फुटल्यावर डेल काय करतो? आधी तो बटलरला विचारतो, की साहेबांकडे आमचा पत्ता आहे का? नाही. बस्स. पुढच्या क्षणी तिघंही धूम ठोकतात, पिवळ्या गाडीत बसतात आणि पसार होतात.

आधी मला वाटायचं, हा फक्त झटपट शेवट आहे. विनोदी भाग संपवायचा तर पळवा पात्रांना. आता मला त्यात दुसरंच दिसतं. वडील जिथून पळू शकले नाहीत, तिथून मुलाने तीन माणसांना पळवून लावलं. ज्या दालनात त्या मजुरांना मान खाली घालून उभं राहावं लागलं असेल, त्याच दालनातून आजोबासकट सगळे सुटले. कोणाचा रोज कापला गेला नाही. कोणाला माफी मागावी लागली नाही. हा न्याय नाही, हे मला कळतं. पण गरिबाला गोष्टीत तरी एकदा दार उघडं सापडलं.

आणखी एक बघा. हसू कोणावर आहे? वरच्या आजोबावर आहे का? थोडंसं. पण बहुतेक हसू डेलच्या फुशारकीवर आहे. मला सगळं येतं, या त्याच्या तोऱ्यावर. आणि तेवढंच हसू उमरावाच्या हिशोबावर आहे, ज्याने चार पैसे वाचवायला पिढ्यांची काच घालवली. शिडीवरच्या मजुराच्या अंगावर ते हसू येत नाही. सलिव्हन त्या शिडीच्या बाजूचा माणूस होता. सेटवर सामान उचललेला, प्लंबरचा मुलगा. बाहेरून आलेल्या लेखकाने हेच दृश्य लिहिलं असतं, तर बहुधा त्यात गावंढळांची फजिती तेवढी दिसली असती.

माझ्या गोष्टीत हसू कोणावर होतं, हे मी तपासलं. लाजच वाटली. भटजींवर थोडं होतं, अक्षता टाकणाऱ्यांवर थोडं होतं. पण मी सांगताना एक वाक्य टाकायचे : "आणि त्या बावळट पोराने काढला की भलताच फ्यूज!" त्या शब्दावर मोठा हशा यायचा. जो पोरगा कामावरून गेला, ज्याने ऐकलं तेवढंच केलं, त्यालाच मी पन्नास ठिकाणी बावळट ठरवत फिरत होते. त्याचं नावही मला माहीत नव्हतं.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. दुःखाच्या गोष्टीवर हसू नये, असं मी म्हणणार नाही. तसं ठरवलं तर गरिबाघरच्या निम्म्या गोष्टी सांगताच येणार नाहीत, आणि त्या गोष्टी सांगितल्या गेल्या पाहिजेत. पण सांगण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. ज्याच्यावर ती बेतली त्याचं पूर्ण ऐकून घ्यावं. आणि हसू कोणाच्या अंगावर टाकतोय, हे बघावं. सलिव्हनने वडिलांचा राग लपवला नाही. गाजलेल्या दृश्यामागे सात-आठ ओळींचा विनोदी किस्सा ठेवून तो मोकळा झाला असता, पण वडील चिडले होते, माणसांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, हेही तो सांगत राहिला. त्यामुळेच आज आपल्याला ते कळतंय.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. आजोबाचं काम करणारे लेनर्ड पिअर्स डिसेंबर १९८४ मध्ये वारले, चौथ्या पर्वाचं काम चालू असताना. सलिव्हनने त्यांच्या जागी दुसरा नट आणून आजोबा चालू ठेवला नाही. त्याने आजोबाचा मृत्यू मालिकेत लिहिला, अंत्यविधी लिहिला. विनोदी मालिकेत थडग्यापाशी उभी असलेली दोन नातवंडं लोकांनी पाहिली. मग अल्बर्टकाका आले. २९ डिसेंबर १९९६ च्या भागात ट्रॉटर खरोखरच लखपती झाले. त्यांच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडलेलं एक जुनं घड्याळ लिलावात ६२ लाख पाउंडांना गेलं. तो भाग ब्रिटनमध्ये २ कोटी ४३ लाख लोकांनी पाहिला. १९८२ मध्ये लिलावातून गाणारी मांजरं घेऊन परतणारी माणसं १४ वर्षांनी लिलावातूनच श्रीमंत झाली. सलिव्हन एप्रिल २०११ मध्ये गेला.

आता माझ्या बाबांबद्दल शेवटचं सांगते. गेल्या दिवाळीत मी बडोद्याला गेले होते. लॅपटॉपवर बाबांना हे दृश्य दाखवलं. त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही, पण शिडी, बोल्ट, वरचा माणूस, खालचा माणूस, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. झुंबर पडलं. बाबा हसले. चांगले खळखळून हसले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि मला विचारलं, "वरच्या म्हाताऱ्याला कोणी दाखवलं होतं का गं, कुठलं सोडवायचं ते?"

मी म्हटलं, नाही बाबा, तसं काही दिसत नाही.

ते म्हणाले, "मग त्याची काय चूक?"

ती अंधारातल्या लग्नाची गोष्ट मी अजूनही सांगते. फक्त 'बावळट' हा शब्द काढलाय, आणि शेवटी त्या पोराचं काय झालं तेही सांगते. हशा थोडा कमी येतो. पण गोष्ट संपल्यावर कोणीतरी हमखास म्हणतं, आमच्या घरीही अशीच एक गोष्ट आहे. मग मी विचारते, आणि पुढे काय झालं?

तुमच्याही घरी अशी एखादी गोष्ट असेल. ज्यांची आहे ते अजून असतील, तर त्यांना विचारा.